१२९व्या किलोमीटरवरची संत

अर्जेंटिनाच्या एन्त्रे रिओस प्रांतातून जाणाऱ्या राष्ट्रीय मार्ग क्रमांक १२ वर, १२९व्या किलोमीटरजवळ, रस्त्याला लागूनच एक देवस्थान आहे. भिंतीभर एकाच स्त्रीचे फोटो, निळी-जांभळी कागदी आणि प्लॅस्टिकची फुले, मेणबत्त्या, कापडी खेळणी, घड्या घालून खोचलेल्या चिठ्ठ्या. जवळच एका बसचा चेपलेला सांगाडा जपून ठेवला आहे. ७ सप्टेंबर १९९६ रोजी याच ठिकाणी समोरून आलेल्या ट्रकने ही बस चिरडली. बसमधल्या सात जणांचा जीव गेला. त्यांत गिल्डा ही ३४ वर्षांची गायिका होती, तिची आई होती आणि लहान मुलगीही.

गिल्डाचे खरे नाव मिरियाम आलेहान्द्रा बियांची. ती ब्यूनस आयर्सची, मध्यमवर्गीय घरातली, पेशाने बालवाडीची शिक्षिका. नवरा आणि दोन मुले असा संसार सुरू असताना ती गाण्याकडे वळली. रिटा हेवर्थच्या १९४६ सालच्या चित्रपटातल्या नायिकेचे नाव तिने घेतले. ती गायची कुंबिया. मुळात कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे हे नृत्यसंगीत अर्जेंटिनात गरीब वस्त्यांतल्या आणि कामगारांच्या नाचघरांत रुजले होते, आणि सुशिक्षित वर्ग त्याला नाके मुरडत असे. तिचा पहिला अल्बम १९९२ चा. म्हणजे पुढची सगळी कारकीर्द जेमतेम चार वर्षांची. तरीही ती हयात असतानाच तिच्या गाण्याने आजारी माणूस बरा झाल्याच्या गोष्टी पसरू लागल्या होत्या. अपघातानंतर त्यांना ऊत आला. बसच्या अवशेषांत एका चाहत्याला न फुटलेली कॅसेट सापडली आणि तीत ‘नो एस मि देस्पेदिदा’, म्हणजे ‘हा माझा निरोप नव्हे’, हे गाणे होते, अशी कथा आजही सांगतात. कथा खरी असो वा नसो, संतचरित्राला जे लागते ते तिच्यात पुरेपूर आहे.

गिल्डा एकटी नाही. ‘क्वार्तेतो’ या कोर्दोबा शहरातल्या नृत्यसंगीताचा लाडका गायक रोद्रिगो बुएनो २४ जून २००० च्या पहाटे ब्यूनस आयर्स–ला प्लाता महामार्गावर गाडी उलटून गेला, वयाच्या २७ व्या वर्षी. बेराझातेगी इथे, रस्त्याच्या कडेला, त्याचेही स्थान उभे राहिले. टँगोचा सम्राट कार्लोस गार्देल विमान अपघातात गेला तोही २४ जूनलाच, १९३५ साली. ही तारीख भाविकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. ब्यूनस आयर्सच्या चाकारिता दफनभूमीत गार्देलचा पूर्णाकृती ब्राँझ पुतळा आहे. त्याच्या बोटांत पेटती सिगारेट खोचून ठेवायची, ही तिथली रीत. नैवेद्य देवाच्या आवडीचा असावा, एवढे तत्त्व जगभर सारखेच दिसते.

अशा स्थानांना अर्जेंटिनात जुनी वहिवाट आहे. सान हुआन प्रांतात दिफुंता कोर्रेआ या तहानेने मेलेल्या आईला लोक पाण्याच्या बाटल्या वाहतात, कारण तिच्या मृतदेहाला लुचून तिचे बाळ जगले अशी आख्यायिका आहे. गाउचितो हिल या एकोणिसाव्या शतकातल्या बंडखोराची लाल निशाणे तर देशभर रस्तोरस्ती फडकतात, आणि ट्रकवाले त्यांच्यासमोर हॉर्न वाजवून पुढे जातात. या मंडळींची पुण्याई त्यांच्या जगण्यापेक्षा मरण्यातून आलेली आहे: अवेळी, अन्यायाने, उघड्या रस्त्यावर किंवा माळावर आलेले मरण. जे आयुष्य अर्ध्यावर तुटले त्याचा उरलेला भाग इतरांच्या उपयोगी पडतो, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा. गिल्डाच्या बाबतीत त्यात आईपणाची आणि शिक्षिकेच्या पेशाची भर पडते. तिच्याकडे मूल मागणारे येतात, मुलांचा आजार घेऊन येतात. या व्यवहाराला स्पॅनिशमध्ये ‘प्रोमेसा’ म्हणतात. मराठीत त्याला नवस हा शब्द चपखल बसतो: बोलायचा, आणि पावला तर फेडायचा.

कॅथलिक चर्चचा क्रम नेमका उलटा आहे. तिथे आधी सद्गुण सिद्ध व्हावे लागतात, चमत्काराचा विचार त्यानंतर. साधारणपणे मृत्यूनंतर पाच वर्षांनी प्रकरण उघडते. जीवनाची छाननी होते, एका चमत्काराने ‘धन्यवादित’ पद मिळते आणि आणखी एकाने संतपद. हुतात्म्यांना काही सवलती असतात. आठवा अर्बन या पोपने १६३४ साली एक कडक अट घातली: चर्चचा निर्णय होण्याआधी त्या व्यक्तीची सार्वजनिक उपासना झालेली नसावी. तशी ती झालेली नाही, याची खातरजमा आजही केली जाते. मात्र त्याच प्रक्रियेत त्या व्यक्तीच्या पावित्र्याची ख्याती लोकांत आधीपासून असावी, हीसुद्धा अट आहे. लोकांनी मनात संत मानावे, खासगीत विनवावे, पण चौथरा बांधून वेदी मांडू नये. ही रेषा कागदावर स्पष्ट दिसते. महामार्गावर ती कुणी कुठे आखावी?

दुसरा पेच अवशेषांचा. कॅथलिक परंपरेत संताच्या देहाचा अंश सर्वांत श्रेष्ठ, मग त्याने वापरलेल्या वस्तू, मग त्यांना स्पर्श झालेल्या. जुन्या गोव्यात फ्रान्सिस झेवियरच्या देहाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी पहिल्या प्रकारातली. गिल्डाचा देह चाकारितात आहे आणि तिथेही फुले वाहिली जातात. पण ओढ आहे ती जिथे प्राण गेला त्या जागेची. गायकाच्या बाबतीत तर या तीन प्रकारांपलीकडचा चौथा अवशेष असतो: ध्वनिमुद्रित आवाज. तो हाडासारखा वाटून संपत नाही आणि प्रतीतून मूळ कमी होत नाही. तो वाजवला की ती व्यक्ती बोलते. तिच्या ‘नो मे अर्रेपिएन्तो दे एस्ते आमोर’ या सुप्रसिद्ध गाण्याच्या नावाचा अर्थ ‘या प्रेमाचा मला पश्चात्ताप नाही’. गाणे प्रियकराला उद्देशून आहे. देवस्थानात तेच गाणे भाविक तिला उद्देशून गातात, तेव्हा एक अक्षरही न बदलता ‘तू’ बदलतो. प्रेमगीताचे भजन व्हायला एवढे पुरते.

याला धर्म म्हणावे की चाहत्यांचे वेड, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञ एलोईसा मार्तिन यांनी गिल्डाच्या चाहत्यांमध्ये राहून अभ्यासला. ‘लोकधर्म’ असा शिक्का मारण्याऐवजी त्या ‘पवित्रीकरणाच्या कृती’ असा शब्द वापरतात. फुले ठेवणे, फोटोला हात लावणे, वाढदिवस साजरा करणे अशा लहान कृतींतून एखादी व्यक्ती इतरांहून वेगळी, विशेष होत जाते. त्यासाठी तिला संत म्हणावेच लागते असे नाही. गिल्डाला रोज आठवणाऱ्या कित्येकांना ‘सांता’ हे बिरुद नकोसे वाटते. त्यांच्यासाठी ती मैत्रीण आहे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण बाहेरच्या माणसाला ही सगळी गर्दी सरसकट अंधश्रद्धाळू दिसते. प्रत्यक्षात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी एक जण तिच्याकडे काही मागत असतो आणि दुसरा नुसता भेटायला आलेला असतो.

चर्चने गिल्डाला मान्यता दिलेली नाही, आणि तिच्या भाविकांचे त्यावाचून अडलेलेही नाही. उद्या कुणी तिचे प्रकरण रोमला नेलेच, तर १६३४च्या नियमानुसार पहिली हरकत १२९व्या किलोमीटरवरच्या मेणबत्त्यांचीच निघेल.