शेवटून वाचलेली जाहिरात

माण तालुक्यातल्या एका गावात सुवर्णाच्या आप्पांनी ऐन उन्हाळ्यात तिसरं बोअर मारलं. पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली होती. गाडी रात्रभर घरघरत राहिली आणि पहाटेपर्यंत नुसता धुरळा उडाला. पैसे उसनवारीचे होते. सुवर्णाची तेव्हा नववी संपली होती.

दहावीचं वर्ष सुरू झालं तसं जो भेटेल तो विचारू लागला, पुढं काय करणार? मामा म्हणाले नर्सिंग कर, शेजारच्या काकू म्हणाल्या डी.एड. कर. सुवर्णानं एका रात्री आप्पांचा मोबाइल घेतला आणि टाइप केलं, ‘दहावीनंतर सर्वात जास्त पगाराची नोकरी’. समोर व्हिडिओंची रांग लागली. एका पानावर ‘मोफत करिअर मार्गदर्शन’ असं मोठ्या अक्षरांत होतं. तिथं तिनं नाव, गाव, नववीचे मार्क आणि आप्पांचा नंबर भरला.

दुसऱ्या दिवसापासून आप्पांना शेतात फोन यायला लागले. “तुमच्या मुलीची निवड झालीय. जागा थोड्याच आहेत. आजच्या आज नोंदणी फी भरा.” पोरीची निवड झाली म्हटल्यावर आप्पांना काय वाटलं असेल, ते पोटाला चिमटा काढून शिकवणाऱ्या कुठल्याही बापाला कळेल. ते सोसायटीत पैशाची चौकशी करायला निघाले, तेव्हा सुवर्णा घाबरली आणि गणिताच्या मॅडमकडं गेली.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी शाळेच्या संगणकावर तिनं शोधलेलंच वाक्य परत टाकलं आणि वरच्या काही निकालांवरचा ‘प्रायोजित’ हा बारीक शब्द बोटानं दाखवला. “हे पैसे देऊन वर आलेत. तू भरलेला तो फॉर्म म्हणजे त्यांच्या धंद्याचा कच्चा माल. आणि परीक्षा नाही, मुलाखत नाही, तर निवड कसली गं?” मग त्यांनी आप्पांना फोन करून पैसे भरू नका, असं स्वच्छ सांगितलं.

“पण मॅडम, मग शोधायचं तरी काय?”

“नोकरी नको शोधूस, काम शोध. गेल्या वर्षभरात असं कुठलं काम बघितलंस, की हे नीट कुणाला येत असेल का, असं तुझ्या मनात आलं?”

सुवर्णा बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बोअर. खाली पाणी हाय का न्हाई, हे खरंच कुणाला कळतं का?”

आपण मोठी माणसं मुलांना ‘तू कोण होणार’ एवढंच विचारतो. त्यांनी काय पाहिलं, कशानं त्यांची झोप उडाली, हे विचारायची आपल्याला सवय नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, शिक्षक अशी पाच-सहा नावं माहीत असतात, आणि इंटरनेटपुढं बसली तरी ती त्यांतलंच एखादं टाइप करते. यंत्र विचारलं तेवढंच सांगतं. म्हणून शोधणं शिकवायचं, तर आधी विचारायला शिकवावं लागतं.

‘जमिनीखालचं पाणी कोण शोधतं’ असं मराठीतच टाकल्यावर चौथ्या-पाचव्या ओळीत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे नाव आलं. राज्य सरकारची ही यंत्रणा १९७२ मध्ये सुरू झाली. ते साल वाचून सुवर्णा चमकली, कारण तिचे आजोबा, आबा, ज्याच्या गोष्टी सांगायचे तो दुष्काळ त्याच सालचा. या कामाच्या माणसाला भूवैज्ञानिक म्हणतात, हे तिनं पहिल्यांदा वाचलं.

आता मॅडमनी तिला एक युक्ती शिकवली. संघ लोकसेवा आयोग दरवर्षी भूवैज्ञानिकांसाठी परीक्षा घेतो आणि त्यातून केंद्रीय भूजल मंडळातही माणसं निवडली जातात. त्या परीक्षेची जुनी जाहिरात त्यांनी उघडली. “पगार नंतर बघ. आधी शैक्षणिक अर्हतेचं कलम काढ आणि तिथून उलटी चालत ये.” सुवर्णानं वहीत लिहिलं: भूशास्त्रात एम.एस्सी. त्याआधी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. त्याआधी बारावी सायन्स. त्याआधी दहावी. उलटी चालत ती आपल्याच बाकापाशी येऊन पोचली. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात हा विषय शिकवतात, आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर ‘जॅम’ नावाची परीक्षा असते, हे पुढच्या आठवड्यात तिनं एकटीनं शोधलं. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर ते पान सरकारचं, आणि कुणी काही सांगितलं तरी शेवटी मूळ जाहिरातच वाचायची, हे तिनं वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, “पडद्यावर इतकंच मिळतं. आता ते काम करणाऱ्या माणसाला भेट.”

सहामाहीच्या सुट्टीत आप्पा तिला एसटीनं जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले. भूजल यंत्रणेच्या कार्यालयातल्या भूवैज्ञानिक बाईंनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि कागदावर जमिनीचा उभा छेद काढला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा. त्या काळ्या कातळाला स्वतःच्या पोटात पाणी धरता येत नाही. पाणी असतं ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या मुरमात. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी आणि बांधापलीकडं ठणठणाट. जमिनीत सळया ठोकून वीज सोडतात, ओल्या थरातून ती सहज जाते, कोरड्या कातळात अडते, आणि त्या आकड्यांवरून खालच्या थरांचा अंदाज बांधतात. निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, “ताई, आमच्या रानात बघायला येता येईल का कुणाला?” बाईंनी अर्ज कसा करायचा ते सांगितलं.

सुवर्णानं वहीतले प्रश्न एकेक करून विचारले. दिवस कसा जातो? उन्हात हिंडावं लागतं, आणि परत येऊन अहवाल लिहावे लागतात. गणित लागतं का? लागतं, भौतिकशास्त्रही. नोकरी लगेच मिळते का? बाई स्पष्ट म्हणाल्या, “नाही. सरकारी जागा थोड्या निघतात. काही जण वर्षानुवर्षं परीक्षा देत राहतात. दुसऱ्या वाटा माहीत असू देत. पाणलोटावर काम करणाऱ्या संस्था आहेत, खाणी आहेत, बोगदे-धरणांची कामं आहेत, कॉलेजात शिकवणं आहे.” पगाराच्या व्हिडिओंत हे कुणी सांगितलं नव्हतं. सुवर्णानं तेही लिहून घेतलं.

तिच्या वर्गातला अक्षय रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायचा. दहावी झाली की शाळा सोडून पोलीस भरतीची तयारी करायची, असं त्यानं ठरवलं होतं. सुवर्णानं त्याला भरतीची जुनी जाहिरात काढून दिली. पोलीस शिपायाला बारावी पास लागतं. मुलांना उंची किमान १६५ सेंटिमीटर, आणि धावणं १६०० मीटर. उंचीत तो बसत होता, पण बारावीची अट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. त्यानं पळणं चालू ठेवलं आणि अकरावीला जायचं ठरवलं. एक ओळ वेळेवर वाचल्यानं त्याची दोन वर्षं वाचली.

घरी आबांनी विचारलं, “एवढं शिकून नोकरी न्हाई लागली तर?”

“तर दुसऱ्या चार वाटा लिवल्यात, आबा. आणि इषय मला आवडतो का, ते अकरावीतच कळंल. नाही झेपला तर तवा बदलीन.”

आबा एवढंच म्हणाले, “मग फारम भर.”

तिनं अकरावी सायन्सचा अर्ज भरला. आप्पांनी चौथं बोअर थांबवलं आणि पाहणीसाठी कार्यालयात अर्ज दिला.

मॅडमनी आता दर शनिवारी शेवटचा तास संगणकाच्या खोलीत घ्यायला सुरुवात केली आहे. केंद्राच्या श्रम मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे २०१५ पासूनचं संकेतस्थळ त्या तिथं उघडून देतात, कारण त्यावर नोंदणीला पैसे लागत नाहीत. परवा सुवर्णा मदतीला गेली होती. नववीतल्या एका मुलीची चुलती आशा सेविका आहे. मुलगी म्हणाली, “काकू बाळंतपणाला बायकांना दवाखान्यात नेते, पण तिथं गेल्यावर तिला बाहेर बसवतात. आत जाऊन ते काम करायला काय शिकावं लागतं?”

सुवर्णानं खुर्ची सरकवून तिला कीबोर्डपुढं बसवलं. “जसं मला विचारलंस, तसंच टाइप कर.”