घेणाऱ्याला ‘उदार’ का म्हटलंय?



आजचा श्लोक : गीता, अध्याय ७, श्लोक १८.

परवा सोळाव्या श्लोकात आपण भक्तांचे चार प्रकार पाहिले : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. काल सतराव्यात भगवंतांनी ज्ञानी भक्ताला वेगळं काढलं, त्याचं कौतुक केलं. इथवर ठीक आहे. वर्गात पहिला येणाऱ्याचं कौतुक होतंच. पण आजच्या श्लोकात ते म्हणतात की हे चौघेही उदार आहेत. ज्ञानी माझा आत्माच आहे, हे आहेच, पण उदार सगळेच.

आता आपल्या मराठीत उदार म्हणजे सढळ हाताने देणारा. जिज्ञासू निदान प्रश्न तरी देतो म्हणू. पण आर्त? संकटात सापडलेला, ‘वाचवा’ म्हणणारा. तो तर घ्यायलाच आलाय. त्याला उदार कसं म्हणायचं?

शंकराचार्यांनी आर्ताची व्याख्या करताना चोर, वाघ आणि रोग यांची नावं घेतली आहेत. यांच्या तावडीत सापडलेला तो आर्त. हे वाचलं की मला गंमत वाटते. चोर आणि वाघ बाहेरून येतात, दाराला कडी लावता येते. रोग मात्र आत येऊन बसतो. आपल्या शहरात वाघ नाही, चोरांसाठी सोसायटीत सीसीटीव्ही आहे. उरला रोग. म्हणजे तुमच्या-माझ्या वाट्याला आर्तपण येईल ते बहुधा याच दारातून.

माझ्या वाट्याला ते गेल्या महिन्यात आलं. मधे तीन आठवडे इथे काही लिहिलं नव्हतं, त्याचं कारण डेंग्यू. पुण्यात पावसाळ्याच्या शेवटी घरटी एक पेशंट असतो, तसा आमच्या फ्लॅटमध्ये मी. हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं नाही, सगळं घरीच निभावलं. पण ‘घरी निभावलं’ म्हणजे कोणी निभावलं, हाच आजच्या श्लोकाचा विषय आहे.

ज्यांना झालेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पहिले तीन-चार दिवस १०३-१०४ ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि अंग असं दुखतं की कूस बदलतानाही विचार करावा लागतो. या विषाणूवर थेट मारा करणारं औषध अजून आपल्या हातात नाही. डॉक्टर देतात ते पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ. (ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातल्या डब्यातली दिसेल ती वेदनाशामक गोळी घेऊ नका.) आणि खरी गोम पुढेच आहे. ताप उतरतो तेव्हा आपल्याला वाटतं सुटलो. पण डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरायला लागतो तेव्हाच धोक्याचे २४ ते ४८ तास सुरू होतात. बारीक रक्तवाहिन्या गळक्या होतात, रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. सगळ्यांचंच तसं होत नाही, पण कोणाचं होईल हे आधी कळत नाही. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी किंवा विचित्र अस्वस्थपणा यातलं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल.

म्हणून डॉक्टरांनी एक वही करायला सांगितली. किती वाजता ताप किती, पोटात पाणी किती गेलं, आणि लघवी किती वेळा झाली. दिवसातून चार-सहा वेळा झालीच पाहिजे. ही वही माझा रूममेट ठेवायचा. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगा घरूनच करत, हेडफोन एका कानावरून सरकवून तो माझ्या खोलीत डोकावायचा आणि विचारायचा, “झाली?” इकडे मी गीतेवर रोज लिहिणारा माणूस, आणि माझ्या दिवसाचा सगळा हिशोब त्या एका शब्दात मावत होता.

हा रूममेट देव मानत नाही. पाचव्या रात्री मी काहीतरी पुटपुटत होतो, ते ऐकून सकाळी त्याने सरळ विचारलं, “तुझा देव प्लेटलेट्स वाढवतो का रे?” कुत्सितपणे नाही, खरंच विचारलं. त्या दिवशी माझा आकडा ५४ हजार होता. साधारण दीड ते साडेचार लाख असायला हवा. फोनवर पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांचे मेसेज येऊन पडत होते. डॉक्टर मात्र प्लेटलेट्सपेक्षा पीसीव्हीकडे, म्हणजे रक्त किती घट्ट होतंय त्याकडे जास्त बघत होते, आणि रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्याला घाबरू नका म्हणत होते.

मी त्याला सांगितलं, नाही वाढवत. आणि ते मी आजही सांगेन. डेंग्यूत आठवडाभरात शरीर सावरायला लागलं की बहुतेकांच्या प्लेटलेट्स आपोआप वर येतात. त्या दिवशी तुम्ही पपईचा रस प्यायला असाल तर श्रेय पपईला जातं, नवस बोलला असाल तर देवाला. माझ्या देवाला असल्या श्रेयाची गरज नाही असं मला वाटतं.

“मग रात्री काय मागत होतास?”

हा प्रश्न मात्र अवघड होता, आणि तोच मला आजच्या श्लोकापर्यंत घेऊन आला.

बघा, पायाचं बोट दाराला आपटलं की तोंडातून काय निघतं? ‘आई गं!’ आई तिकडे साताऱ्यात असते. ती येऊन ठणका थांबवणार नाही हे माहीत असतं. ज्यांची आई आता नाही तेसुद्धा ‘आई गं’च म्हणतात. ही मागणी नसते. कोणी ‘आई गं’ म्हणाला तर त्याला आपण ‘कामापुरती आई आठवते का?’ असं विचारत नाही. ती हाक असते. दुखणं एकट्याच्या अंगात मावेनासं झालं की ते जिथे मावेल असं वाटतं तिकडे तोंड आपोआप वळतं.

आर्ताची भक्ती मला अशी वाटते. ‘एरवी नाव घेत नाही, ताप आला की घेतो, म्हणजे ढोंगच ना?’ हे तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असतं. मित्रमंडळींतही हा विषय निघाला की सगळे जरा ओशाळतात. मला हे ओशाळणं पटत नाही. सौदा वेगळा आणि हाक वेगळी. सौद्यात मी आणि देव समोरासमोर बसलेले असतो, दोघांच्या हातात काहीतरी असतं. हाक मारणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्राची कथा आहे. नक्राने पाय धरला, कळपातल्या बाकीच्या हत्तींनी ओढून पाहिलं, जमलं नाही, हजार वर्षं झुंज चालली. बळ संपलं तेव्हा त्याने स्तुती म्हटली. ती त्याने तिथे रचली नाही. पूर्वजन्मी शिकलेली, तीच आठवली. तापात मला याचा पडताळा आला. इतके अध्याय वाचलेत, पण त्या रात्री ओठांवर आली ती आजोळी दिवेलागणीला म्हणायचो ती करुणाष्टकं. तीही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. संकटात माणूस नवीन काही पाठ करत नाही. आणि गजेंद्राची ती स्तुती नीट वाचलीत तर आणखी एक दिसेल : हाक नक्रामुळे सुरू झाली, पण त्या स्तुतीत नक्राबद्दल जवळजवळ काही नाही. हा हत्तीचा देह टिकावा असंसुद्धा तो मागत नाही.

आता ‘उदार’कडे येऊ. शंकराचार्य उदारचा अर्थ उत्कृष्ट असा घेतात. म्हणजे हे चौघेही चांगलेच आहेत. सरळ अर्थ आहे. पण रामानुजाचार्य शब्दाला धरून बसतात. उदार म्हणजे दानी, असंच ते म्हणतात. आणि पुढचं त्यांचं म्हणणं साधारण असं आहे की जो भगवंताकडून काहीही घेतो, तो भगवंताला आपलं सर्वस्व देतो. देव हा घेणाऱ्याचा ऋणी!

पहिल्यांदा वाचताना हे मला टीकाकाराची कसरत वाटावी असंच होतं. घेणं हेच देणं? पण एखाद्या आजाऱ्याच्या खोलीत ठेवून बघा हे वाक्य.

सहाव्या दिवशी सकाळच्या एसटीने आई आली. गेली दोन वर्षं ती फोनवर विचारायची, “जेवलास का?” आणि मी म्हणायचो, “हो.” संपलं संभाषण. मी कमावतो, स्विगी आहे, वॉशिंग मशीन आहे, तिला माझ्यासाठी करण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलेलं नव्हतं. स्वावलंबन म्हणतात याला. ती आली, पिशवीतून तांदूळ काढले, पेज टाकली. त्यात मीठ आणि चमचाभर तूप. मला वाटी धरवत नव्हती म्हणून तिने भरवलं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. दुपारी रूममेटला ती बाहेर सांगत होती, “आजार वाईटच रे बाबा, पण काहीतरी करू दिलं त्याने.”

करू दिलं. क्रियापद बघा. देण्याचंच आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण असल्या प्रसंगावरून लोक भलतीकडे जातात. आजार ही देवाची कृपा आहे, असं मी म्हणत नाही. चटका बसायला लागला की तत्त्वज्ञान सुचतं हे खरं असलं, तरी त्यासाठी चटका बसावा असं नाही. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘हे पूर्वकर्माचं फळ’ म्हणणाऱ्यांना तर मी खोलीबाहेर काढीन. एडिस डासाची मादी दिवसा चावली, इतकं कारण पुरेसं आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण, सुख-दुःख सोसायला सांगितलंय. पण सोसणं म्हणजे कोणाला न सांगता दार लावून पडून राहणं नव्हे.

आणि हेच मला खरं तर बोलायचंय, विशेषतः तुमच्यापैकी जे पीजीत किंवा एकट्याने वन आरके घेऊन राहतात त्यांच्याशी. आपल्याला ‘मला कोणाची गरज नाही’ हे वाक्य फार आवडतं. साधनेला लागलेल्या मुलामुलींना तर ते वैराग्यच वाटतं. ‘कशाला कोणाला त्रास द्यायचा?’ पण नीट पाहिलं तर यात दुसऱ्याची काळजी कमी आणि स्वतःची मूठ झाकलेली ठेवण्याची धडपड जास्त असते. आर्त होणं टाळून थेट ज्ञानी व्हायचं. आणि डेंग्यूसारख्या आजारात ही मूठ जिवावर बेतू शकते. ताप उतरलाय, बरं वाटतंय, एकटाच झोपलाय, आणि नेमके तेच दोन दिवस कोणीतरी ‘झाली का?’ विचारायला हवं असतं.

बरं होताना तर घेणं अजूनच अवघड जातं, हेही सांगून ठेवतो. ताप असतो तोवर आपण मुकाट्याने घेतो, दुसरा इलाज नसतो. पण ताप जाऊन आठवडा झाला, प्लेटलेट्स लाखावर आल्या, लॅपटॉप उघडला, तरी जिना चढताना पाय थरथरतात. अंगावर पुरळ येऊन तळव्यांना खाज सुटते. मन उगाच खट्टू होतं. काहींचे केस पुढे दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाहेरून बरा दिसणारा, आतून अजून रिकामा. या दिवसांत कोणी पेजेची वाटी पुढे केली की ‘ठेव, मी घेतो’ असं म्हणावंसं वाटतं. गरज अर्धवट असते ना, म्हणून तिची लाज पूर्ण वाटते. त्या काळासाठी माझ्याकडे काही युक्ती नाही. वाटी घ्यायची.

रूममेटच्या प्रश्नाचं उत्तर मी परवा त्याला दिलं. काही मागत नव्हतो, हाक मारत होतो, असं म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण उठून तर मी येत होतो.”

यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं, आणि खोडून काढावं असंही त्यात काही नव्हतं. वही अजून फ्रिजवर चुंबकाने अडकवलेली आहे. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलंय : ९९.१, दोन ग्लास ताक, झाली.

उद्या श्लोक १९. त्यात भगवंत अनेक जन्मांची गोष्ट काढतात, तेव्हा जरा निवांत वेळ काढून या. आणि हो, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रे आजच रिकामा करा. एडिसला तेवढंच साचलेलं स्वच्छ पाणी पुरतं.

राम कृष्ण हरी.