पातळ हवेतला दम

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की नागपूरची हवा पातळ होते. अंगाला ती जड लागते, वजन केलं तर हलकी भरते. डिसेंबरच्या पहाटे, पारा १० अंशांवर असताना, एखाद्या जागेत जेवढी हवा मावते, तिचा सुमारे नववा हिस्सा मेच्या दुपारी ४५ अंशांवर त्या जागेत उरत नाही.

गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो. इंजिनाच्या आत हुकूम मात्र हवेचा चालतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला चौदा-पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं सोडता येतं. हवा किती आत येते, त्यावर जोर ठरतो.

बिनटर्बोचं इंजिन, ज्याला नॅचरली ॲस्पिरेटेड म्हणतात, बाहेर असेल तेवढ्या हवेवर भागवतं. पिस्टन खाली उतरतो, पोकळी होते, हवा आत शिरते. त्याच्याकडे दुसरा उपाय नाही. म्हणून ऋतू त्याच्या चालण्यात दिसतो. थंडीतल्या पहाटे काटोल रोडला निघालेली गाडी आणि मेच्या दुपारी एसी लावून, चार माणसं बसवून वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढणारी तीच गाडी, यांच्या पिकअपमधला फरक पायाला कळतो. ती कुरकुरत नाही, पण लपवतही नाही.

टर्बो असलेलं इंजिन बाहेरच्या हवेवर समाधान मानत नाही. ते हवा दाबून आत भरतं.

ही युक्ती जुनी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ते वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्यासाठी. पातळ हवेशी तिची गाठ विमानांनी घालून दिली. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या डोंगरावर, ४,३०० मीटर उंचीवर नेलं. तिथे त्याचा सुमारे एक तृतीयांश जोर नाहीसा झाला होता. टर्बो जोडला आणि समुद्रसपाटीवरचा सगळा जोर परत आला. आज चाळीस हजारांच्या हप्त्यावर घेतलेल्या गाडीच्या मागे ‘टर्बो’ अशी अक्षरं चमकतात, तेव्हा हा डोंगर मला आठवतो.

टर्बोच्या जोराला ‘उसना जोर’ म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. इंधनातल्या उष्णतेचा जवळपास तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर जातो. टर्बो त्यातलाच थोडा परत कामाला लावतो. तो कुणाकडून काही उसनं आणत नाही, आपलंच वाया जाणारं वाचवतो. ज्या घरात उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, त्या घराला कुणी उसनवारीवर जगणारं म्हणत नाही.

वाडीला, अमरावती रोडवरच्या ट्रान्सपोर्टच्या वस्तीत, एका मिस्त्रीच्या हातात ट्रकचा उतरवलेला टर्बो पाहिला. धुराच्या बाजूचं बीड तापून तापून तांबूस पडलेलं. हवेच्या बाजूचं ॲल्युमिनियम अजून पांढरं. दोन चाकं, त्यांना जोडणारी एकच बारीक शाफ्ट. धुराच्या झोताने एक चाक फिरतं, त्याच शाफ्टवरचं दुसरं हवा ओढून दाबतं. सगळी करामत एवढीच. मिस्त्रीने बोटाच्या टोकाने चाक आडवं हलवलं. हलायला नको होतं, ते हललं. पात्यांच्या कडेला तेलाची काळी किनार होती. तो म्हणाला, “याले तेल वेळेवर भेटलं असतं तं हा अजून चालला असता.”

छोट्या मोटारींमधला टर्बो मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेऊ शकतो, आणि ती शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. गाडी पळवून आणून लगेच बंद केली की जुन्या टर्बोत ते तेल तिथेच करपायचं. म्हणून ट्रकवाले पोचल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवतात. नव्या कित्येक मोटारींत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवत राहणारा पंप असतो, तेलाला मात्र पर्याय नाही. साधं इंजिन मालकाची थोडी हयगय सोसतं. टर्बो सोसत नाही. ज्याला जास्त मागायचं त्याने जास्त निगा राखायची, हा सौदा मला रास्त वाटतो.

उन्हाचा प्रश्न मात्र टर्बोने संपत नाही. हवा दाबली की तापते. तिला थंड करायला पुढे इंटरकूलर असतो, पण त्याच्यावर वाहणारा वारासुद्धा ४५ अंशांचा. गरम हवेत पेट्रोल वेळेआधी भडकू लागतं, नॉकिंग सुरू होतं. ते टाळायला गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो, कधी दाबही उतरवतो. टर्बो हवेची उणीव भरून काढतो. उन्हाची नाही. (पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळलेलं इथेनॉल इथे थोडं उपयोगी पडतं. त्याचा ऑक्टेन वरचा असतो, म्हणून ते नॉकिंगला अधिक काळ तोंड देतं. त्याच इथेनॉलमुळे एव्हरेज मात्र थोडं घटतं.)

महाराष्ट्राने या दोन्ही घराण्यांच्या चपळ गाड्या बनवल्या. २००१ च्या सुमारास मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटची पालिओ १.६ निघायची. १,५९६ सीसी, टर्बो नाही, जोर १०० अश्वशक्तीच्या घरात. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. २०१३ मध्ये पुण्याजवळच्या चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली. १,१९७ सीसी, टर्बोसह १०५ अश्वशक्ती. चारशे सीसी कमी झाले आणि ताकद तसूभर वाढली.

हे चारशे सीसी निव्वळ अभियंत्यांनी कमी केलेले नाहीत. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कमी कर लावला. तेव्हापासून आपल्याकडची लहान गाडी बहुधा त्या चौकटीत बसवूनच कागदावर उतरते. १,६०० सीसीचं बिनटर्बोचं इंजिन लहान गाडीत घालणं म्हणजे गिऱ्हाइकाला दंड. मग बाराशेच्या आत राहून सोळाशेचा जोर काढायचा, तर टर्बोशिवाय मार्ग कोणता? आपण ज्याला आवड म्हणतो, तिच्यात कराच्या तक्त्याचा वाटा मोठा असतो. अल्ट्रोझ रेसरपर्यंत बहुतेक चपळ हॅचबॅक त्याच तक्त्याच्या लेकी आहेत. त्या चांगल्या आहेत. पण पालिओसारखं इंजिन नापास होऊन गेलं नाही, त्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही. याचं मला वाईट वाटतं.

दोघांतला खरा फरक पाहायचा तर एकाच आकाराची इंजिनं समोर ठेवावीत. होंडा सिटी आणि फोक्सवॅगन व्हर्टस, दोन्ही १,४९८ सीसी. सिटीत टर्बो नाही. तिची १२१ अश्वशक्ती ६,६०० फेऱ्यांवर मिळते, १४५ न्यूटन मीटर टॉर्क ४,३०० वर. व्हर्टसची १५० अश्वशक्ती ५,००० वरच हाती येते, आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क १,६०० फेऱ्यांपासून तयार असतो. कागदावर सामना एकतर्फी आहे.

कागद पायाखाली नसतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वळण संपत येतं, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. टर्बोच्या गाडीत धूर वाढेपर्यंत, टर्बोचं चाक वेग घेईपर्यंत क्षणभर काही होत नाही. मग एकदम सगळं येतं, कधी मागितल्यापेक्षा जास्त. नव्या गाड्यांत हा क्षण फार आखूड झालाय, तरी संपलेला नाही. साध्या इंजिनात पाय आणि चाक यांच्यामध्ये कुणी मध्यस्थ नसतो. बोटभर दाबलं, बोटभर आलं. दुसऱ्या गिअरमध्ये काटा चार हजार ओलांडतो, आवाज पोटातून गळ्यात येतो, पाच हजारांवर गाडी नव्याने जागी होते, आणि लाल रेघेजवळ सगळ्यात जास्त मिळतं. तिथवर जायचं की नाही, हे तुम्ही ठरवता. जोर वाढत जाताना ऐकू येतो, म्हणून किती वापरतोय याचं भान राहतं. टर्बो १,६०० वरच सगळं ताट वाढून मोकळा होतो. पुढे इंजिन कितीही फिरवलं तरी नवं काही सांगत नाही.

गाडी चालवण्याची कला शिकायची असेल तर साध्या इंजिनावर शिकावी, असं माझं ठाम मत आहे. गिअर कधी टाकायचा, जोर कुठे राखून ठेवायचा, हे ते शिकवतं, कारण चूक केली की लगेच दाखवून देतं. टर्बोचा मुबलक टॉर्क चुका पोटात घालतो. चुका पोटात घातल्या गेल्या की त्या सवयी होतात.

पण रस्ते शाळेचे नसतात.

नागपूरकराला आज सगळ्यात जवळचा वेगाचा रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. शिवमडक्यापासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर, मोटारींना १२० ची मर्यादा. सपाट रस्त्यावर १२० राखायला मध्यम आकाराच्या गाडीला साधारण पंचवीस-तीस अश्वशक्ती पुरते. म्हणजे दीडशेतले सव्वाशे नुसते सोबत येतात. सिटी आणि व्हर्टस तिथे सारख्याच. त्या रस्त्यावर इंजिनापेक्षा टायर मोठा. तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा, जुना टायर घेऊन जाणाऱ्याला कुठलंही इंजिन वाचवत नाही. दीडशे अश्वशक्तीसाठी लाखभर रुपये जास्त मोजणारा माणूस टायर बदलायला दोन वर्षं लांबवतो, हे मी पाहिलंय आणि मला त्याची भीती वाटते.

जोर लागतो तो दुपदरी रस्त्यावर. काटोल-वरूडच्या पट्ट्यात संत्र्यांनी भरलेला ट्रक पुढे असतो, समोरून एसटी दिसते, आणि मधली फट काही सेकंदांची असते. तिथे साध्या इंजिनाचा चालक दोन गिअर खाली येतो, काटा वर चढवतो, मग निघतो. सराईत असेल तर आधीच खालच्या गिअरमध्ये तयार असतो. नसेल तर उलट्या लेनमध्ये अडकतो. टर्बोवाला आहे त्या गिअरमध्ये पाय दाबतो आणि लवकर आपल्या लेनमध्ये परततो. उलट्या लेनमधला प्रत्येक वाचलेला सेकंद जिवाचा असतो. आपल्याकडचे बहुतेक चालक सराईत नाहीत, गाडीत सहसा घरची माणसं असतात आणि उन्हाळ्यात हवा पातळ असते. हे सगळं जमेस धरून विदर्भात रोजच्या चपळ गाडीसाठी मी टर्बोच्या बाजूने कौल देतो. मन साध्या इंजिनाकडे ओढ घेतं, आणि ज्याला गाडी चालवण्यासाठीच चालवायची आहे, एकट्याने, पहाटे, घाटात, त्याने ते इंजिन बाजारात आहे तोवर घ्यावं. चपळ गाड्यांत ते फार दिवस राहील असं दिसत नाही.

गाडी कोणतीही घ्या, टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी पाचनंतर, एकट्याने, शोरूमच्या भोवती चक्कर मारून करू नका. नवतप्यात दुपारी दोन वाजता जा. चार माणसं बसवा, एसी पूर्ण लावा, उड्डाणपुलाच्या चढावर एकदा गाडी हळू करून पुन्हा उचलून बघा. तिसऱ्या गिअरमध्ये, मोकळा रस्ता आणि वेगमर्यादा बघून, एकदा काटा वर नेऊन ऐका. मग सही करा.