बोलपट, तलफ्फुज आणि माणसाची किंमत

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' झळकला आणि हिंदुस्थानी पडद्याला वाचा फुटली, हे आपण अभिमानाने सांगतो. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल फिल्म कंपनीचा हा बोलपट. त्याची भाषा उर्दूच्या वळणाची हिंदुस्थानी. म्हणून उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना तो अधिकच जवळचा वाटतो. पण पडदा बोलू लागला तेव्हा काही माणसांना गप्प बसावे लागले, त्यांची आठवण आपण क्वचितच काढतो.

मूकपटाच्या काळात नटाची जबान कोणती, हे कोणी विचारत नव्हते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये दादासाहेब फाळके यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला तारामती केले. पुरुषाचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. संवादांच्या पाट्या एकाहून अधिक भाषांत असत आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. रूबी मायर्स ही ज्यू तरुणी टेलिफोन ऑपरेटर होती. 'सुलोचना' या नावाने ती मूकपटांची सर्वांत लोकप्रिय नायिका झाली. मास्टर विठ्ठल हे मराठी नट मारामारीच्या आणि साहसी भूमिकांत गाजले.

मग ध्वनी आला. 'आलम आरा'च्या वेळी चित्रीकरण चालू असतानाच आवाज टिपला जाई. नंतर दुसऱ्याचा आवाज भरण्याची सोय नव्हती. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे काम रात्री चाले. आगगाडीच्या आवाजावर रात्रीचा उपाय सापडला. पण नटाच्या उच्चारांचे काय करायचे? या बोलपटाचे नायक मास्टर विठ्ठलच होते. त्यांना उर्दू संवाद नीट जमत नव्हते, म्हणून त्यांचे पात्र बराच वेळ गुंगीत दाखवले गेले, असे सिनेमाचे अभ्यासक सांगतात. सुलोचनाचीही तीच अडचण. टेलिफोनवर आवाजावरच पोट भरणाऱ्या या बाईला हिंदुस्थानी येत नव्हती. तिने काही काळ कामातून बाजूला होऊन भाषेचा अभ्यास केला आणि १९३२ मध्ये 'माधुरी'च्या बोलपटातून पुन्हा पडद्यावर आली.

हा अन्याय होता काय? आम्ही शिक्षक आहोत, तलफ्फुजला किंमत नाही असे आम्ही म्हणू शकत नाही. 'शीन-काफ' दुरुस्त असावा म्हणून आम्ही रोज मुलांच्या मागे लागतो. ज्या कामात बोलणे हेच काम आहे, तिथे उच्चार पाहणे रास्तच आहे. पण ज्याची जबान वळत नाही त्याच्याशी वागण्याचे दोन मार्ग या दोघांच्या उदाहरणात दिसतात. एकाला अवधी मिळतो, तो शिकतो आणि परत येतो. दुसऱ्याला नायक म्हणून उभे करतात, मात्र बोलू देत नाहीत.

आपल्या समाजाला हा दुसरा मार्ग चांगला ओळखीचा आहे. आपला तरुण मुलाखतीला जातो, तेव्हा त्याच्या मराठीतला एखादा हेल ऐकून समोरचे एकमेकांकडे बघतात. कोणी कौतुकाने म्हणतो, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राहिलेल्या माणसाने या कौतुकाचे काय करावे? पण तक्रार करण्यापूर्वी आपल्या घरातही पाहावे लागेल. आमच्याच उर्दू मजलिशीत दखनी बोलणाऱ्याला हसतात. कोकणी बोलीत वाढलेले मूल वर्गात 'क़लम'चे 'कलम' करते, तेव्हा पहिले हसू कधी मुलांचे असते, तर कधी उस्तादांचे. असे दोनदा हसे झालेले मूल तिसऱ्यांदा हात वर करत नाही. त्याला उत्तर येत होते की नाही, हे मग कोणालाच कळत नाही.

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राहिली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. ज्या बोलपटात उच्चारांना एवढे महत्त्व आले, त्यातला एकही उच्चार आपल्याला ऐकता येत नाही. छायाचित्रात झुबेदा आणि मास्टर विठ्ठल सारखेच अबोल दिसतात. आमच्या वर्गातली मुले मात्र समोर बसलेली आहेत. त्यांचा उच्चार आम्ही जरूर सुधारू, पण आधी त्यांचे वाक्य पुरे होऊ द्यायला हवे.