ओतणाऱ्याचा हात

वैशाखातल्या रात्री वडखळहून नागोठण्याकडे निघालं की डोलवी-गडबच्या आसपास हळदीचा एखादा तरी मांडव लागतोच. मांडवात धवलारीण धवले गात असते, बँजोवाले चहा पीत असतात, आणि कंपनीच्या दिव्यांनी खाडीकडचं आभाळ तांबूस झालेलं असतं. मांडवाच्या मागे, जरा काळोखात, प्लास्टिकच्या खुर्च्यांचं रिंगण. यंदा अशाच एका रिंगणात मी तासभर बसलो होतो.

शेजारी पंचविशीतला मुलगा होता. सकाळी सहाची फर्स्ट शिफ्ट. ‘दोनच घेणार, मामा,’ असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि दोन झाल्यावर ग्लासावर पंजा आडवा धरला. मामांनी तो पंजा हलकेच उचलला, बाजूला ठेवला आणि तिसरा भरला. ‘आरं घे रं, पोरीची हलद हाय!’ आवाजात जबरदस्ती कुठेच नव्हती, निव्वळ माया होती. पुरणपोळीवर तुपाची धार धरताना आपल्या आया जो आवाज काढतात, तोच.

प्रमाणात प्या, हा उपदेश आपण नेहमी पिणाऱ्याला करतो. त्या रात्री मात्र माप पिणाऱ्याच्या हाती नव्हतंच.

एरवीही आपलं माप कच्चंच. तीस मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे सुमारे दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मामांच्या हातात मेजर नव्हता, अंदाज होता, आणि यजमानाचा अंदाज कधी कमी भरत नाही. ‘मी आपला बियरवाला’ म्हणणाऱ्यांचंही तेच. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरची साडेसहाशेची बाटली म्हणजे जवळजवळ चार छोटे पेग. क्वार्टरमध्ये सहा. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकाली काढतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी त्याचा वेग वाढत नाही. म्हणजे मध्यरात्री संपवलेली क्वार्टर सकाळी सहाला, गेटवर कार्ड दाखवताना, रक्तात थोडीफार उरलेली असू शकते. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याने गाडी चालवणं गुन्हा ठरतो; पण भट्टीजवळ, क्रेनखाली उभ्या असलेल्या माणसाला तेवढी सूट तरी कशी परवडावी?

कायद्यावरून आठवलं. १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या कृपेने महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, आणि तो मिळतो ‘आरोग्याचं रक्षण व संवर्धन’ यासाठी! सरकारदरबारी आपण सगळे औषध घेतो. उलट जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्वच्छ सांगितलं की आरोग्याला निर्धोक म्हणावं असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. तेव्हा ‘दोनच’ हा काही तब्येतीचा सल्ला नव्हे. कमी नुकसानीचा तो एक व्यवहार आहे, आणि तो पाळू पाहणाऱ्याला निदान पाळू द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

श्रावणात हे जमतं. आषाढी अमावास्येला, म्हणजे ज्या दीपपूजेला आपण गटारी करून टाकलंय त्या दिवशी, भरपेट उरकून घेतलेली हीच मंडळी दुसऱ्या दिवसापासून ग्लासाला शिवत नाहीत. पुष्कळजण थेट गणपती जाईपर्यंत. लोक याला निग्रह म्हणतात. असेलही. पण मला त्यात दुसरंच काही दिसतं. त्या दिवसांत ‘श्रावण आहे’ हे दोन शब्द उच्चारले की समोरचा हात बाटलीसकट मागे जातो. कुणी रुसत नाही, कुणी ‘मोठा शहाणा’ म्हणत नाही. माळकऱ्याच्या बाबतीतही तेच. आपल्या पट्ट्यात गळ्यातली तुळशीची माळ दिसली की आग्रह तिथेच थांबतो, पुढे केला जातो तो चहा. नकाराला देवाचा आधार असला की तो मानला जातो. ज्याच्याकडे ना श्रावण ना माळ, तो बिचारा खोटं बोलतो. ‘गोळ्या चालू आहेत.’ ठणठणीत पोरं अशी आजारी पडलेली मी कितीतरी हळदींत पाहिली आहेत.

काहींना मात्र दोनवर थांबणं जमतच नाही. त्यांच्यासाठी एकही नको, हे पुण्यात १९८६पासून काम करणारं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सांगत आलंय. तिथून किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रातून सावरून आलेला माणूस गावी परततो, आणि त्याच्या पुढ्यात पहिला ग्लास ठेवणारा बहुधा गुत्तेवाला नसतो. चुलतभाऊ असतो. ‘आता बरा झालास ना? मग एकाने काय होतंय?’ त्या चुलतभावाला आपण काही वाईट केलं असं जन्मात वाटत नाही.

आगरी-कोळी समाजात काही गावांनी हळदीतली दारू बंद करायचे ठराव केले आहेत. मला त्यांचं कौतुक आहे, खर्चाच्या दृष्टीने तर फारच. पण ठराव झाला तरी मांडवामागचा काळोख तसाच राहतो, याचाही अनुभव आहे.

माझ्या एका मित्राने मुलीच्या हळदीत वेगळाच प्रकार केला. बाटल्या, पाणी आणि एक मेजर मधल्या टेबलावर ठेवले, शेजारी कोकम सरबताचं पातेलं, आणि स्वतः कुणाचाच ग्लास भरला नाही. ज्याला हवी त्याने घेतली. रात्री आवराआवर करताना पाच बाटल्या सीलबंद उरल्या. सरबत केव्हाच संपलं होतं.

आनंद व्हायचा, तर गडी रात्रभर अस्वस्थ. सकाळी मला बाजूला घेऊन विचारतो, ‘लोकं नाराज तर नाय ना गेली, भाऊ? मी कुणाला आग्रहच केला नाय.’