राखण कुणी करायची?

गेल्या वर्षी भात पोटरीत असताना गावी गेलो, तेव्हा आमच्या वाडीतल्या एका कुत्र्याचा जबडा उडाला होता. पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमची वाडी. रानडुकरांसाठी लावतात ते गावठी बॉम्ब तुम्ही बातम्यांत वाचले असतील. स्फोटकाचा छोटा गोळा, वरून खाण्याचं आमिष. डुक्कर चावतं आणि तिथेच कोसळतं. पण डुक्कर कोण, कुत्रं कोण, चरायला सुटलेली गाय कोण, हे गोळ्याला कळत नाही. तो कुणी ठेवला होता ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

रात्री ओटीवर माझे चुलते, नाना, एवढंच म्हणाले, "ठेवणारा घरी जाऊन झोपला असेल."

मी म्हटलं, "नाना, तुम्हीही लावलेतच की."

नाना बॉम्बे सॅपर्सचे. महाड-पोलादपूरकडे घराआड एक फौजी असतो. महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन बसलंय. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रममध्ये सगळं सैन्य सीमेवर गेलं. पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेलगत लाखोंच्या संख्येने भूसुरुंग पेरले गेले, त्यांतले कितीतरी चालू शेतांत. नानांची तुकडी राजस्थानात होती. मोहरीच्या शेतात काम केल्याचं ते सांगतात. शेतकरी बांधावर उभा राहून बघत होता, हेही सांगतात.

माझं बोलणं त्यांना लागलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आम्ही तार मारली होती. लाल त्रिकोण लावले होते. नकाशा होता. मोजून लावले आणि मोजून काढले." मग तंबाखू मळत, "लावायला काही आठवडे गेले. काढायला किती गेले ते विचारू नकोस." काढताना माणसं गेली. आपणच लावलेल्या सुरुंगांवर, आपलीच.

मराठी बातम्यांत भूसुरुंग म्हटलं की डोळ्यांसमोर गडचिरोली येतं. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळ १५ पोलीस आणि त्यांचा चालक मारले गेले. पण रस्त्याखाली पुरलेल्या अशा स्फोटकात बहुतेकदा कुठेतरी आडोशाला एक माणूस बसलेला असतो. तो बघतो, ठरवतो, कळ दाबतो. त्या खुनाला खुनी असतो. मी बोलतोय तो सुरुंग वेगळा. त्याची कळ मरणाऱ्याच्याच पायाखाली असते.

याच सुरुंगावर बंदी घालणारा करार १९९७ च्या डिसेंबरमध्ये ओटावात झाला. माणसाच्या स्पर्शाने किंवा नुसत्या जवळ येण्याने फुटणारा सुरुंग वापरायचा नाही, बनवायचा नाही, साठवायचा नाही, आणि पेरलेले काढायचे. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल या मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना मिळालं. दीडशेहून जास्त देश करारात आले. एकेकाळी सुरुंगांनी भरलेला मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला. कंबोडियात तर वासावरून सुरुंग शोधणारे उंदीर कामाला आहेत. (आमच्याकडे उंदराचं नाव काढलं की भाताच्या कणग्या आठवतात. तिकडे त्यांतल्या एकाला सुवर्णपदक मिळालंय.)

अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान करारात नाहीत. भारतही नाही. आपण सुरुंग दुसऱ्या देशांना विकत नाही, धातूशोधकाला सापडणार नाहीत असे न वापरण्याचा नियमही मान्य केलाय. पण पूर्ण बंदी? आपली भूमिका अशी की सुरुंग जावेत हे आम्हालाही मान्य, पण सीमेच्या रक्षणाचं तेच काम तितक्याच खर्चात करणारा पर्याय आधी मिळू द्या.

सरकारी भाषेतलं हे वाक्य मला पूर्वी पळवाट वाटायचं. आता तितकं वाटत नाही. कारण पर्याय आहेच, आणि आमच्याकडे त्याला जुना शब्दही आहे: राखण. शेतात खोप बांधायची, रात्रभर जागायचं, डबा बडवायचा, हाळी द्यायची. राखणीत एक माणूस जागा असतो आणि समोर कोण आलंय ते बघतो. डुक्कर असेल तर हुसकावतो, शेजारी असेल तर चहा विचारतो. सुरुंग म्हणजे राखणदार नसलेली राखण. माणूस निघून जातो आणि त्याचा निर्णय तेवढा जमिनीत राहतो.

तरी मन लगेच नियंत्रण रेषेवर जातं. बर्फात, रात्री, मैलोगणिक डोंगरावर किती माणसं जागी ठेवणार? सुरुंग नसला तर तिथे कुणाचा तरी मुलगा उभा राहणार, आणि तो आमच्या तालुक्यातला असण्याची शक्यता बरीच. मी पुण्यात एसीत बसून बंदीच्या बाजूने लिहितो, तेव्हा जागायचं काम दुसऱ्याला लावत असतो. एस्टोनिया, लाटविया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड, शेजारी रशिया असलेल्या या देशांनी २०२५ मध्ये करार सोडायचं ठरवलं. भ्यालेल्या माणसाला उपदेश करणं सोपं असतं.

मग मी बंदीच्या बाजूला का? नानांच्या नकाशामुळेच. तार, त्रिकोण, मोजणी, हे सगळं म्हणजे 'मी परत येईन' असं दिलेलं वचन. गावठी बॉम्बवाला तेवढंही देत नाही, म्हणून नाना आणि तो एक नव्हेत. पण वचन पाळणं माणसाच्या हातात कुठे असतं? २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं. पाणी उतरल्यावर एका घराची भांडी दुसऱ्याच्या अंगणात होती, आमच्या खालच्या शेताचा बांध कुठे होता ते सांगता येईना. जम्मूतही पावसाने, बर्फाने सुरुंग जागा सोडतात आणि गस्तीवरच्या जवानाच्या पायाखाली येतात. पाण्याने नकाशा वाचलेला नसतो. आणि पुण्यात वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्रात ज्यांचे पाय बसवले गेले, त्यांना सुरुंग कोणत्या बाजूचा होता याने काय फरक पडला असेल?

हे सगळं नानांना सांगितलं. ते म्हणाले, "मग बस की राखणीला."

बसलो. बॅटरी, डबा, काठी. मोबाईलला रेंज नाही. बारापर्यंत उत्साह होता. दोनला पाय आखडले. तीनच्या सुमाराला, फक्त पाच मिनिटं, म्हणून डोळे मिटले. जाग आली ती उजेडाने. खालच्या कोपऱ्यातलं भात लोळवलेलं होतं, चिखलात खुरांचे ठसे.

नाना आले, वाकून दोन-चार लोंब्या उचलल्या, बोलले काहीच नाहीत. तेवढ्यात बांधावरून तो चालला होता. ज्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे तो. थांबला, शेताकडे बघून म्हणाला, "एक ठेवला असतास, तर झोपलास तरी चाललं असतं."

"आणि कुत्र्याचं काय?" मी विचारलं. पहिल्यांदाच.

"कुत्रं मोकळं सोडायचंच कशाला?" म्हणाला आणि गेला.

नानांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, चालू करून पाहिली. "सेल उतरलेत," म्हणाले. "पोलादपूरला जाशील तेव्हा नवे आण. आज मी बसतो."