कातडीचा लिलाव

२०१२ सालीं निक सिमंड्स या अमेरिकन धावपटूनें आपल्या खांद्याचा लिलाव मांडला. एका जाहिरातसंस्थेनें ११,१०० डॉलर देऊन तेथें आपलें नांव तात्पुरतें गोंदविण्याचा हक्क घेतला. प्रथम आम्हीं नाक मुरडलें; देह म्हणजे कांहीं बाजारांतली भिंत नव्हे! पुढें कळलें कीं, अधिकृत शर्यतींत नियमानुसार त्या नांवावर पट्टी चिकटवावी लागे. राष्ट्रीय संघाच्या सदऱ्यावर नायकीची मुद्रा लावून संघटनेनें पैसा घेतलेला मात्र चालतो! स्वतःचा खांदा विकणें आम्हांस अजूनही रुचत नाहीं; परंतु दुसऱ्याची छाती विकणाऱ्यांनीं त्यास शील शिकवावें, हें त्याहून रुचत नाहीं. २०१५ सालीं संघाच्या पोशाखाविषयींच्या करारावर त्यानें सही केली नाहीं, व तो बीजिंगच्या जागतिक स्पर्धेस मुकला. पुढल्या वर्षीं त्याच्या खांद्यास २१,८०० डॉलर भाव आला.